खेजडीखालची बेरी

रेडिओतून चूनाबांचाच आवाज लाखाची जुनी गोष्ट सांगत होता, आणि चूनाबा मात्र अंगणात जमलेल्यांची तोंडं न्याहाळत बसले होते.

"...मग लाखाने सातवी बेरी, एवढीशी विहीर, खणली, खेजडीच्या झाडाच्या मुळाशी. पाणी कसं? गोड!"

"हूंऽ," अख्खं अंगण म्हणालं. वाळवंटात गोष्ट सांगणाऱ्याला हुंकारा द्यायचाच असतो, समोर माणूस असो नाहीतर डबा. हुंकारा दिला म्हणजे पटलं.

चूनाबा मिशीतल्या मिशीत हसले. रेडिओवाली धापू आवाज भरून घ्यायचं मशीन घेऊन आली, "बा, नळ आटलाय, जुन्या विहिरी कुठे बुजल्यात ते पोरांना कळू दे" म्हणाली, तेव्हाच त्यांना वास आला होता. ऐकणार कोण? ते जीपवाले! देवाचं गायरान मोजत फिरतात मेले. गोड पाणी कळलं की उद्या तिथेच कुंपण घालतील. म्हणून त्यांनी मुद्दाम खारी बेरी गोड करून सांगितली. आपल्या माणसांना काय, खरी गोष्ट ठाऊकच आहे. चाळीस वर्षं ऐकतायत.

कार्यक्रम संपला. पोरांनी फावडी उचलली.

"कुठे निघालात रे?"

"खेजडीखाली, बा. आत्ताच तर सांगितलंत तुम्ही!"

चूनाबा फावड्यांकडे बघतच राहिले. म्हणजे चाळीस वर्षं नुसतंच हूं हूं? एकाच्याही डोक्यात काही उरलं नाही?

तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या सुनेने, गवरीने, धापूला जवळ ओढलं. सासऱ्याशी ती कधी बोलली नव्हती. आताही घुंगटातून धापूलाच म्हणाली, पण अंगणभर ऐकू जाईल अशी.

"बांना विचार गं, खेजडीखालचं पाणी पिऊन लाखाची सांडणी मेली होती ना? गोड बेरी बोरीच्या जाळीमागे. मी नाही दिला हुंकारा."

पोरं जागीच थांबली. चूनाबांनी एकदा धापूच्या मशीनकडे संशयाने पाहिलं.

"ते आण इकडे."

धापूने मशीन त्यांच्यापुढे ठेवलं.

"माझ्यापुढे काय ठेवतेस? तिच्यापुढे धर. आणि हे रेडिओवर नाही लावायचं, आपल्या पोरांपुरतं ठेवायचं," चूनाबा खेकसले. मग सुनेकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले.

"सांग म्हणावं पहिल्यापासून. हुंकारा मी देतो."