शेजाऱ्याचा पाऊस

"दोन आठवडे तरी ढग आमच्याकडे वळवा," शेजारी देशाचे पंतप्रधान तेमूर म्हणाले. "पेरण्या वाचतील."

ढग वळवणारे मनोरे राष्ट्राध्यक्ष लेयाना यांच्या देशाचे होते. तिथल्या भूकंपात सगळ्यांच्या आधी मदतीला धावले होते ते तेमूर यांचेच लोक.

सचिव लेयानांच्या कानाशी वाकला. "मॅडम, निवडणूक तोंडावर आहे. आपला पाऊस परक्यांना वाटला, असा प्रचार विरोधक उद्याच सुरू करतील."

"निवडणूक झाली की नक्की देते," लेयाना म्हणाल्या.

"तोवर हंगाम गेलेला असेल." तेमूर यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही.

बाहेर पत्रकारांनी तेमूर यांना गाठलं. "ढग मागायला आला होतात का?"

"छे," तेमूर हसून म्हणाले. "सहज भेटायला आलो होतो. आमच्याकडे पाऊसपाणी ठीक आहे."

सचिवाचा जीव भांड्यात पडला. निरोप घेताना लेयानांनी हळूच विचारलं, "खोटं का बोललात?"

"तुम्ही हरलात, तर पुढच्या वर्षी मागायचं कोणाकडे?"

कॅमेरे पुढे सरसावले. लेयानांनी त्यांचा हात हातात धरून ठेवला, पण मान वर करून त्यांच्याकडे बघणं काही त्यांना जमलं नाही.