अवघड जागा

मुलगी पियानोपाशी येऊन बसली तसा दातवाल्यांनी श्वास रोखला. शेजारी बसलेल्या ताईने, त्यांच्या थोरल्या बहिणीने, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पाय हलवू नकोस," ती हळूच म्हणाली. "अख्खी रांग हलतेय."

दातवाले हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते कवळ्या बनवायचे. दवाखान्यांतून आलेल्या जबड्यांच्या साच्यांवर मेणात एकेक दात बसवत दिवस काढायचा, हा धंदा. म्हणून सगळा बाजार त्यांना याच नावाने ओळखायचा. संगीताचा आणि त्यांचा संबंध काही नव्हता. बायकोच्या हट्टापायी एका बंद पडलेल्या शाळेतला जुना पियानो घरी आला, तेव्हा झाकण उघडून ते म्हणाले होते, दिवसभर दात बघून घरी यावं, तर इथंही एक जबडा वासून बसलेलाच.

मुलगी शिकायला लागली तेव्हा ते कुरकुरायचे. हात एवढा हलका आहे तर आपल्याच धंद्यात का घालू नये, असं बायकोला विचारायचे. बायको ऐकून न ऐकल्यासारखं करायची. मग कधी कोण जाणे, काम करता करता तेच सूर त्यांच्या ओठांवर यायला लागले.

आजची रचना कार्यक्रम भरवणाऱ्या संस्थेने सगळ्या मुलांना वर्षापूर्वीच नेमून दिली होती. तेव्हापासून घरात दुसरं काही वाजलंच नव्हतं. पहिल्या रांगेत ते ज्येष्ठ वादक बसले होते, ज्यांच्याकडे शिकायला लांबलांबून मुलं यायची. ते यंदा एकच शिष्य घेणार आणि आज ऐकून ठरवणार, हे सभागृहात सगळ्यांना ठाऊक होतं. बायको पडद्यामागे होती. आईवडिलांपैकी एकालाच आत सोडत होते, आणि ते एक कोण, हे घरी वेगळं ठरवावं लागलं नव्हतं.

मुलीने हात मांडीवर ठेवले. थोडा वेळ ती नुसतीच बसली. मग वाजवू लागली.

पहिल्या काही सुरांतच दातवाल्यांच्या लक्षात आलं, की ही रचना आपल्याला पाठ आहे असं आपण उगाच समजत होतो. सूर तेच होते. पण घरी ते एकामागून एक यायचे. इथं ते एकमेकांना विचारून येत होते. डावा हात इतका संथ चालला होता, की पुढचा सूर येतो की नाही याची धाकधूक वाटावी, आणि तो आला की हायसं वाटावं. मागे कुणीतरी मघापासून खोकत होतं, ते थांबलं. पुढच्या रांगेतल्या बाई कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत होत्या, त्यांचा हात तसाच वर राहिला.

रचनेच्या मध्यावर एक जागा होती. तिथं उजवा हात डाव्याला ओलांडून पलीकडे जातो आणि लगेच परत येतो. घरी तिथं हमखास गाडं अडायचं. पुन्हा मागून सुरुवात, पुन्हा तिथंच धडक. दातवाले त्या जागेला अक्कलदाढ म्हणायचे.

ती जागा जवळ येऊ लागली तसे ते पुढे सरकून बसले. ताईने त्यांचा हात घट्ट धरला. तिलाही ती जागा ठाऊक होती. मुलीने तिथं अडखळू नये, असं दातवाल्यांना अगदी आतून वाटलं. आणि असं वाटलं याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

ती अडखळली नाही. झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण सारखं करावं, तितक्या सहज तिचा हात पलीकडे गेला आणि परत आला. दातवाल्यांना तेव्हा कुठे कळलं, की ही अवघड जागा नव्हतीच. ही हसायची जागा होती. एवढा वेळ आपलं दुःख सांगत आलेली ती रचना इथं क्षणभर गालातल्या गालात हसत होती आणि पुन्हा आपल्या वाटेला लागत होती. वर्षभर ते हसू घरातल्या घरात होतं, आणि कुणालाच दिसलं नव्हतं.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. पडद्यामागे बायकोलाही हे ऐकू जात असेल, तिचं काय होत असेल, असं एकदा मनात आलं, पण ते टिकलं नाही. पहिली रांग, शिष्याची ती एकुलती जागा, लेकीचं पुढचं शिक्षण, सगळं कुठल्या कुठे गेलं होतं.

शेवटचा सूर विरून गेला तरी कुणी हललं नाही. ज्येष्ठ वादकांनी चष्मा काढून हातात धरला होता. मग सगळ्यांच्या आधी दातवाले उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले.

"खाली बस रे," ताई त्यांची बाही ओढत पुटपुटली. "तुला शोभतं का हे?"

"बसवत नाही, ताई."

मग सगळं सभागृहच उभं राहिलं. मुलगी कावरीबावरी होऊन वाकली, टाळ्या थांबेनात म्हणून पुन्हा वाकली, आणि पडद्याआड गेली. ताई तेवढी खुर्चीतच होती, मांडीवरच्या पिशवीकडे बघत.

पलीकडे बसलेले एक वयस्कर गृहस्थ मघापासून पियानोइतकेच दातवाल्यांकडेही बघत होते. त्यांनी पुढे होऊन दातवाल्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. आयुष्यात पुष्कळ ऐकलं, पण असं नाही ऐकलं, असं त्यांनी सांगितलं.

"धन्य आहात तुम्ही," ते म्हणाले. "अशी लेक पोटी यायला पुण्याई लागते."

दातवाल्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"ती माझी नव्हे हो," ते म्हणाले. "माझी आता हिच्यानंतर वाजवणार आहे."