चेंडू कोणी आणायचे?

मुलांच्या टेनिस स्पर्धेत जो जिंकतो, त्यानेच चेंडू परत आणून संयोजकांच्या टेबलावर निकाल सांगायचा, अशी अमेरिकेतल्या ओहायोची रीत. म्हणून डेलनी चेंडू घेऊन येताना दिसली, तसे तिचे म्हातारे आजोबा मर्ल गुडघेदुखी विसरून उभे राहिले. पोर बारा वर्षांची असल्यापासून तिचा एकही निकाल त्यांनी चुकवला नव्हता. आजवर तिची गाडी सेमीफायनलपुढे सरकली नव्हती.

“वा गं माझी वाघीण! गाठलीस ना फायनल?”

“नाही हो आजोबा, हरले. मॅच थोडक्यात गेली.”

“मग चेंडू तू कशाला आणलेस?”

“ब्रिनच्या पायात गोळे आलेत. जिंकली आणि तिथेच बसली, उठताच येईना तिला.” डेलनीने निकाल सांगितला आणि टेबलामागच्या बाईंपुढे चेंडू काढून रिकामा केलेला डबा धरला. “बर्फ द्या ना पटकन. उद्या फायनल आहे तिची!”