डाव्या डोळ्याची परीक्षा

फॉर्मवर नाव, वय आणि त्याखाली ‘शाळा’ असा रकाना होता. आईने पहिले दोन भरले आणि तिसऱ्यावर तिचं पेन थांबलं. चष्मेवाल्याला शाळेशी काय करायचंय? तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने तिथे आडवी रेघ ओढली आणि फॉर्म काउंटरवर उपडा सरकवला.

लेक नऊ वर्षांची. घरीच शिकायची, आणि हे कळलं की जो तो उभ्या उभ्या मास्तर व्हायचा. लिफ्टमध्ये शेजारच्या काकू तिला सतराचा पाढा विचारायच्या, जो त्यांच्या स्वतःच्या मुलाला येत नव्हता. इस्त्रीवाला देशांच्या राजधान्या विचारायचा. आत्याने तर मागच्या रविवारी रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचायला लावली. पोरीला ती वाचता आली नाही, आणि आत्या घरोघर सांगत सुटली की वहिनीने मुलीला घरी बसवून अडाणी ठेवलं. ते आईच्या जिव्हारी लागलं होतं. पोरगी दोन दिवसांत एक पुस्तक फस्त करायची, फक्त नाकाला लावून. म्हणून तर आज दोघी इथे आल्या होत्या.

चष्मेवाल्याने फॉर्म सुलटा केला आणि रेघ पाहिली. पोरीला खुर्चीत बसवताना त्याने सहज विचारलं, फळ्यावरचं दिसतं का.

‘‘आमच्याकडे फळा नाही,’’ पोरगी म्हणाली.

मग आईला सगळं सांगावंच लागलं. तो नुसतं ‘अच्छा’ म्हणाला. आईने तो ‘अच्छा’ मनातल्या मनात उलटसुलट करून पाहिला. दुधाने तोंड पोळलेली बाई, ती ताक फुंकूनच पिणार. आता हाही पाढे विचारणार, असं तिने धरूनच ठेवलं.

त्याने पाढे विचारले नाहीत. डावा डोळा झाकायला सांगितला आणि समोरच्या भिंतीवरची अक्षरांची पाटी वाचायला लावली. पोरीने ती वरपासून खालपर्यंत वाचली. मुंगीएवढ्या अक्षरांची शेवटची ओळसुद्धा, कुठेही न अडखळता.

‘‘पाहिलंत? मीच शिकवलंय,’’ आई म्हणाली. तिला फार बरं वाटलं होतं.

त्याने मान डोलावली. उठून पाटी खिळ्यावरून काढली आणि उलटी करून टांगली. मागची अक्षरं वेगळी होती.

पोरीने उजवा डोळा झाकला आणि पुन्हा वाचलं. तितक्याच झपाट्याने, आणि तीच मघाची अक्षरं.

चष्मेवाल्याने आईकडे पाहिलं. आईला आधी वाटलं, यानेच काहीतरी डाव केला. तिने पाटीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि मग तिचे कान तापले.

तो हसला नाही. शाळेतली मुलंही पाठ करून येतात, म्हणाला, चष्मा लागू नये म्हणून. त्यासाठीच त्याने पाटीच्या दोन्ही बाजूंना वेगळी अक्षरं लिहून घेतली होती. मग तो खुर्चीसमोर उकिडवा बसला.

‘‘तुला चष्मा नको आहे का, बाळ?’’

‘‘हवाय,’’ पोरगी म्हणाली. ‘‘पण नाही वाचता आलं तर तुम्ही म्हणाल, आईने शिकवलंच नाही. आई फॉर्म भरत होती ना, तेव्हा मी जवळ जाऊन पाठ केलं.’’

अपूर्णांक, नकाशे, बी रुजवणं, पोरीला काय काय शिकवलं ते आईला बोटांवर मोजता आलं असतं. हे कधी शिकवलं ते मात्र आठवेना. तिला स्वतःचीच लाज वाटली. पुढे होऊन तिने पोरीच्या पाठीवर हात ठेवला.

‘‘इथे कुणी परीक्षा घेत नाहीये. जेवढं दिसतं तेवढंच सांग.’’

पोरीने उजवा डोळा पुन्हा झाकला. या वेळी ती पाटीकडे बराच वेळ बघत राहिली.

‘‘वर एक मोठं अक्षर आहे,’’ ती म्हणाली. ‘‘बाकी सगळं पांढरं.’’

मग हात खाली घेऊन तिने दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं.

‘‘मी नापास का?’’