जन्मबहिऱ्यांचा वर्ग

हंगेरीतल्या टिसा नदीकाठची जन्मबहिऱ्या मुलांची शाळा सरकारने जनतेच्या नावे ताब्यात घेतली, ती चालवणाऱ्या ख्रिस्ती सिस्टरांना हाकलले, प्रार्थनाघराची घंटा वितळवली. प्रबोधनाचा आरंभ नेहमी हकालपट्टीनेच होतो.

तरीही रोज बाराच्या ठोक्याला सगळी मुले पाठ अर्धवट टाकून प्रार्थनेला उभी राहत.

“त्यांना खूण कोण करतं, बोरबालाबाई? नाव सांगा, नाहीतर छावणीत जाल,” तपासनीस केरेकेश वर्गशिक्षिकेला म्हणाले.

“मुलांनाच विचारा, कॉम्रेड. जरा ओरडून विचारा.”

दुसऱ्या दिवशी बाराच्या आधीच केरेकेशनी वर्गाच्या खिडक्या झाकल्या, भिंतीवरचे घड्याळ उतरवले, बाईंना भिंतीकडे तोंड करून बसवले.

मुले उभी राहिली.

“बसा!” केरेकेश किंचाळले. मग दोन्ही कान दाबून बाईंकडे वळले. “आधी ती घंटा थांबवा!”

बाईंना कसलीच घंटा ऐकू येत नव्हती. त्या उठल्या आणि मुलांच्या रांगेत उभ्या राहिल्या.