वाट पाहणारा धक्का

‘काकूचा आरसा कुठे आहे?’ एवढंच टाइप करून ती चहा गाळायला उठली.

हा प्रश्न तिने आजवर त्रेपन्न जणांना विचारला होता. गावाच्या पेजवर महिन्याकाठी कोणीतरी उगवायचा आणि ‘तो हरवलेला मुलगा मीच’ म्हणून सांगायचा. कुणाला फुकट मुक्काम हवा असायचा, कुणाला नुसतीच गंमत. आरशाचं विचारलं की ‘भिंतीवर’, ‘कपाटात’ अशी उत्तरं यायची. ती ब्लॉक करायची आणि कामाला लागायची.

आठ वर्षांपूर्वी काकांशी कडाक्याचं भांडून तिचा चुलतभाऊ होडी घेऊन तलावात गेला. होडी पलीकडच्या काठाला रिकामी सापडली. बुडाला म्हणावं तर प्रेत नाही, पळाला म्हणावं तर चिठ्ठी नाही. काकूने हाय खाल्ली आणि वर्षाच्या आत गेली. काका रोज धक्क्यावर जाऊन बसू लागले.

चार वर्षं हे बघितल्यावर तिला राहवेना. एका संध्याकाळी तिने त्यांचा व्हिडिओ काढला. ‘काका, हात कपाळावर धरा, जरा लांब बघा,’ हेही तिनेच सांगितलं. दादा जिथे असेल तिथे त्याला तो दिसावा, एवढाच तिचा हेतू.

व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. ज्याच्यासाठी काढला होता त्याचा मात्र पत्ता नव्हता.

त्याच्याऐवजी पाहुणे आले. वाट पाहणारा बाप बघायचा, डोळे पुसायचे, फोटो काढायचा आणि मुक्कामाला कुठे जागा आहे ते विचारायचं. गावाने घरं रंगवली, खोल्या काढल्या, समिती नेमली. जुना शिंपी सहा खोल्यांचा मालक झाला आणि समितीचा अध्यक्षही. पेज तिच्याकडेच राहिलं. शहरातली नोकरी तिने दोनदा नाकारली. काकांना एकटं टाकून जायचं कसं?

काका चार ते सात धक्क्यावर बसायचे आणि बसल्याबसल्या लाकडाच्या छोट्या होड्या कोरायचे. गुरुवारी तेवढी सुट्टी. त्या दिवशी ते पहिल्या बसने शहरात डोळे दाखवायला जायचे, आणि डॉक्टरांच्या लेकीसाठी म्हणून एक होडी पिशवीत टाकायचे. पाहुणे हिरमुसू नयेत म्हणून पेजवर तशी सूचनाच होती.

बाकी रोज सातला घरी आले की चप्पल काढता काढता एकच प्रश्न.

“पेजवर काही आलं का?”

“नाही, काका.” खोट्या लोकांचं ती त्यांना कधी सांगायची नाही.

“बरं.” काका मोठा श्वास सोडायचे आणि जेवायला बसायचे. तो श्वास ऐकला की तिलाच घास जायचा नाही. आपला व्हिडिओ साऱ्या जगात पोचला, फक्त एका माणसापर्यंत पोचला नाही, हे तिला रोज नव्याने लागायचं.

चहाचा कप घेऊन ती परत बसली तेव्हा उत्तर आलं होतं.

‘धक्क्याच्या तिसऱ्या फळीखाली. फोडलास तू, मार खाल्ला मी. चिमे, रविवारी येतोय. बाबांना आत्ताच सांगू नकोस.’

चहा तिच्या हातातच निवला. चिमी तिला एकटा दादाच म्हणायचा.

तेवढ्यात अध्यक्ष दारात. “पोरी, मतदान सोमवारी संपतंय. ‘वर्षातलं सर्वोत्तम पर्यटनस्थळ’! आपण दुसरे आहोत. काकांचा एक ताजा व्हिडिओ टाक, जरा डोळ्यांत पाणी दिसू दे.”

“आणि दादा खरंच परत आला तर?”

अध्यक्ष हसले. “येऊ दे की! माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला पोरगा तो. फक्त सीझन संपल्यावर येऊ दे म्हणजे झालं.”

ते गेल्यावर ती कितीतरी वेळ मोबाइलकडे बघत राहिली. वाट पाहणं संपलं की पाहुणे संपणार. नव्या खोल्या, रंगवलेल्या भिंती, कर्ज काढून उघडलेली दुकानं, सगळं बसणार. ब्लॉकवर एकदा बोट टेकवलं की गाव जसंच्या तसं राहणार होतं. बोट तिथवर गेलंही. मग तिला तो मोठा श्वास आठवला आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. गाव गेलं खड्ड्यात, बापाला त्याचा मुलगा मिळायला हवा. रविवारपर्यंत गप्प बसणंही तिला जमेना. ती तशीच अनवाणी धक्क्याकडे धावली.

धक्क्यावर सात-आठ पाहुणे होते. त्यांना जरा मागे थांबायला सांगून ती काकांजवळ टेकली.

“काका, पेजवर आलं.”

काकांच्या हातातली होडी खाली पडली. चेहरा पांढराफटक. हा आनंद त्यांना झेपेल ना, म्हणून तिने त्यांचा हात घट्ट धरला.

“दादा जिवंत आहे. रविवारी येतोय.”

काकांनी आधी मागे वळून पाहुण्यांकडे बघितलं. मग दबक्या आवाजात विचारलं, “कोणाकोणाला दाखवलंस?”

“कोणालाच नाही.”

“पुसून टाक.”

“अहो, तोच आहे! आरशाचं अगदी बरोबर सांगितलं त्याने.”

“तोच असणार. गेल्या गुरुवारी त्याला बजावून आलो होतो, पेजवर लिहायचं नाही म्हणून. त्याच्या पोरीला आजोबांचं गाव दाखवायचंय म्हणे.”

तिचा हात आपोआप सुटला.

“कधीपासून, काका?”

“काका, जरा पाण्याकडे!” मागून एक पाहुणी ओरडली.

काका वळले. तिने शिकवला होता तसा हात त्यांनी कपाळावर धरला आणि नजर लांब लावली.

“तू पहिला व्हिडिओ टाकलास ना,” ते ओठ न हलवता म्हणाले, “त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला.”