सोळावा आटा

“नऊ,” खालच्या गल्लीतली शिंपीणबाई मोठ्याने म्हणाली.

“नऊ,” वरच्या गल्लीतल्या चष्मेवाल्याने भिंतीवर खडूची रेघ ओढली.

चावीवाला चावी फिरवत होता. चौकातल्या खड्ड्यात, गढूळ पाण्याखालच्या व्हॉल्व्हवर उतरलेली लांब लोखंडी चावी. तिचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा. खालच्या गल्लीचे आटे बारा. बारा उघडले की दोन्ही गल्ल्यांना सारखं पाणी, असं पालिकेच्या कागदावर होतं. तेरावा दिला तर वरचे ओरडणार, अकरावर थांबला तर खालचे. म्हणून पंपावरून पाणी सुटायच्या आधी रोज सकाळी दोन्हीकडचा एकेक साक्षीदार उभा. चोरावर पहारा ठेवावा तसा.

“बारा झाले. काढ चावी,” चष्मेवाला म्हणाला.

“अर्धा कमी पडला.”

“बाई, तुमच्या डोक्याचे आटे ढिले झालेत.”

“माझे ढिले, आणि तुमचे गळून पडलेत. द्या हो काका अर्धा.”

चावीवाल्याने अर्धा दिला. एका हाताने. दुसऱ्या हातात चहाचा पेला होता.

“चहात साखर ढवळावी तसा फिरवतो,” शिंपीण कौतुकाने म्हणाली. “वीस वर्षांचा हात आहे.”

त्याने चहाचा घोट घेतला. तीन वर्षांपासून तो फारसं बोलतच नव्हता. मुलगी खालच्या गल्लीत दिली होती. एका सकाळी बारावा पूर्ण झाला की नाही यावरून जुंपली, कुणीतरी लोखंडी बादली भिरकावली, आणि जावयाचा डावा डोळा गेला. दवाखान्याच्या पायरीवर मुलगी म्हणाली, “बाबा, तुमच्या हातात होतं. एक आटा जास्त दिला असता तर पालिका बुडाली असती का?”

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. तेव्हापासून मुलीने बापाचा उंबरा ओलांडला नाही. तिचं घर सात मिनिटांवर. नात कशी दिसते ते त्याला शाळेच्या कुंपणाच्या गजांतून कळायचं.

मग निवडणूक लागली. सरकारी दवाखान्यात डॉक्टर नव्हता. कचरागाडी आठवड्यातून एकदा यायची. रस्त्यावरचे अर्धे दिवे मेलेले. त्याबद्दल कुणी तोंडातून शब्द काढला नाही. निवृत्त मास्तरीणबाईंच्या जाहीरनाम्यात पहिली ओळ होती: खालच्या गल्लीला सोळा आटे. त्यांच्याविरुद्ध उभ्या सिमेंटवाल्याच्या फलकावर: बाराच्या वर एकही नाही. अख्ख्या प्रभागाचं भवितव्य चार आट्यांवर येऊन बसलं आणि लोकांना त्यात काही वावगं वाटेना.

सिमेंटवाला एका सकाळी दहा माणसं घेऊन चौकात आला. “काका, आण इकडे. आजचे बारा मी देतो. फोटो काढू.”

“सरकारी वस्तू आहे,” चावीवाला म्हणाला. “हात बसलेला नसेल तर पाइप फुटतो.”

सिमेंटवाल्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. फोटोत तो चावीशेजारी नुसता उभा राहिला. हसत.

मास्तरीणबाई घरी आल्या. खुर्ची एकच होती, ती त्याने त्यांना दिली.

“तुम्हाला पटतंय ना, भाऊ? तुमचीच लेक आमच्या गल्लीत आहे.”

“कागद आणा. कागदावर सोळा असतील तर सोळा देईन.”

“पण फरक पडेल ना?”

“मोजायला माणसं पाठवा,” तो म्हणाला.

मास्तरीणबाई चाळीस मतांनी निवडून आल्या. पहिल्याच सभेत ठराव झाला. सही, शिक्का, सगळं रीतसर.

दुसऱ्या सकाळी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढेच मुलगी उभी होती, शेजारी काळ्या चष्म्यातला जावई. तिने बापाकडे पाहिलं नाही. ती चावीकडे बघत होती.

बारापर्यंत सगळे ओरडून मोजत होते. मग एकदम शांतता झाली.

“तेरा,” मुलगी म्हणाली. एकटीच. “चौदा.”

चावीवाल्याचा हात क्षणभर थांबला.

“फिरवा ना, बाबा.”

तीन वर्षांत पहिल्यांदा बाबा. त्याने फिरवलं.

“पंधरा. सोळा.”

शिंपीणबाई पदर तोंडाला लावून रडली. चष्मेवाल्याने खडू गटारात फेकला. “संपलो आम्ही,” म्हणाला. दुपारी तो पालिकेत तक्रार देऊन आला की वरच्या गल्लीचे नळ रडायला लागलेत.

संध्याकाळी दारात मुलगी उभी. हाताला नात.

“बाबा, बादली किती लवकर भरली आज. सगळी गल्ली म्हणतेय.”

“चांगलं झालं.”

“हे म्हणाले, बाबांना जेवायला घेऊन ये. जे झालं ते झालं, म्हणाले.” तिचा आवाज फुटला. “तुम्ही तरी काय करणार होतात? कागदावर बाराच होते.”

नातीने त्याचं बोट धरलं. त्याने ते हलकेच सोडवलं.

“तुम्ही व्हा पुढे. सदरा बदलून येतो.”

त्याने ट्रंक उघडली. धुतलेला सदरा उचलला. खाली तो कागद होता, घड्यांवर विरलेला. अकरा वर्षांपूर्वीचा त्याचाच अर्ज: ‘साहेब, चौकातल्या व्हॉल्व्हचा दांडा आतून तुटला आहे. चावी कितीही फिरवली तरी पाणी कमी-जास्त होत नाही. नवा बसवावा.’

खाली साहेबांचा लाल शेरा: ‘निवडणुकीनंतर पाहू. तोवर फिरवत राहा.’